कोपऱ्याच्या खांबावरची बाहुली

मुरादनगर, ४ फेब्रुवारी २०२४

चि. जयंत यास अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण बहीणभाऊ भांडतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून कागदावर लिहिते. अरुणाला वाचून दाखव, आणि गाळू नकोस.

कुंपणाचं काम सुरू झालं. विनयच्या नोकरीत आम्ही नवराबायको जन्मभर सरकारी क्वार्टरांत राहिलो, भिंतीला खिळा ठोकायची चोरी. आता गाझियाबादच्या पलीकडे का होईना, जागा स्वतःची आहे. लोखंडी अँगल, त्यांना जाळी, वर काटेरी तार. विनयने नकाशा असा काढलाय, जणू देशाची सरहद्दच आखतोय.

शेजारच्या द्वारकाप्रसादची म्हैस आजवर आपल्या प्लॉटवर बांधलेली असायची. त्यामुळे पहिला खड्डा खणताच त्याचा मुलगा अंशुमन आला, मिस्त्रीची कॉलर धरली आणि दोन थोबाडीत ठेवून दिल्या. अँगल लाथेने पाडला. मी अशी ओरडले की गल्ली गोळा झाली. शेवटी सगळ्यांसमोर मोजणी केली आणि विनयचीच रेष बरोबर निघाली. म्हाताऱ्याने मान्य केलं, अंशुमन मात्र जाताना थुंकला. माझा हात शिवशिवत होता, पण त्याची बायको सलोनी खिडकीतून बघत होती. पोरीचे दिवस भरत आलेत. तिच्याकडे बघून गप्प बसले.

विनय ठीक. आपली बहीणभावाची माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
कल्पनाताई


लक्ष्मीबाई नगर, दिल्ली, ११ फेब्रुवारी

ती. ताईस जयंतचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र मोठ्याने वाचलं, एक शब्दही गाळला नाही. अरुणा म्हणते, काळजी त्या शेजाऱ्यांचीच वाटते, त्यांना अजून ताई माहीत नाहीत.

थट्टा सोड. तिथे आपण परके आहोत. विनयरावांना शांत राहायला सांगायची गरज नाही, तुलाच सांगतो.

सोबत पुण्याहून आणलेली काळी बाहुली पाठवतोय. तू हसशील, पण अरुणाने हट्टच धरलाय. नव्या बांधकामाला आपल्याकडे उलटी टांगतात, तशी टांग. कोपऱ्याच्या खांबावर, सगळ्यांना दिसेल अशी. झाला तर उपयोग, नाहीतर शोभा.

विनयरावांना नमस्कार. रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझा
जयंत


गाझियाबाद, २६ फेब्रुवारी

चि. जयंत यास आशीर्वाद.

काल फोनवर मला धड बोलता आलं नाही. आता हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते.

बाहुली मी हसत हसतच बांधली. डोकं खाली, पाय वर, काळ्या दोऱ्याने. कोपऱ्याचा खांब नेमका सलोनीच्या खिडकीसमोर येतो. तेव्हा माझ्या मनातही काही आलं नाही. दोन दिवसांनी ती बाळंत झाली. मूल मेलेलंच जन्मलं. आम्हाला कुणी कळवलंसुद्धा नाही रे. विनय अंगणात जाळी ताणत होता आणि ते भर दुपारी आले, अंशुमन आणि त्याचे दोघे चुलते. लाठ्या होत्या. बाहुलीकडे बोट दाखवून टोना किया, टोना किया, असं ओरडत होते. टोना म्हणजे आपल्याकडची करणी. विनय हात जोडून काय झालं ते विचारत होता, तेवढ्यात अंशुमनने उपटलेला अँगल त्याच्या तोंडावर घातला. लोखंडाचं टोक डोळ्यात गेलं. तो खाली पडला तरी ते मारत राहिले. जाळीवर रक्त, सिमेंटमध्ये रक्त.

मी पहार उचलली आणि अंशुमनच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? अजून एक घाव घालणार होते, पण लोकांनी धरलं.

डावा डोळा गेला, असं डॉक्टर सांगतात. विनय शुद्धीवर आल्यावर म्हणाला, की त्या पोरीचं मूल गेलं ना ग. मला त्याचा राग आला.

लवकर ये.

कल्पनाताई


लक्ष्मीबाई नगर, ५ मार्च

ती. ताईस सा. नमस्कार, वि. वि.

परवा विनयरावांची पट्टी बघून आलो तेव्हापासून घास उतरत नाही. अरुणा रडते, बाहुली मी दिली म्हणते. तिला सांगितलं, चिंधी आहे ती. चिंधीने माणूस मरत नाही, अँगलने मरतो.

या लोकांना मी सोडणार नाही. वकिलांशी बोललो. तिघंही आत जातील. पण तुझ्या हातूनही खांदा मोडलाय, आणि करणी केली म्हणून आम्ही भडकलो, हाच त्यांचा बचाव असणार. तेव्हा नीट ऐक, ताई. कुणीही विचारलं, शेजारी, पोलीस, कुणीही, तरी एकच सांगायचं. बाहुली शोभेची होती, तिला काही अर्थ नाही. यात शब्दाचा फरक पडला तर केस आपल्यावर उलटेल आणि विनयरावांचा डोळा फुकट जाईल.

प्रकृतीला जप. माझ्यावर विश्वास असू दे.

तुझा
जयंत


मुरादनगर, १९ मार्च

चि. जयंत यास अनेक आशीर्वाद.

विनय घरी आला. एका डोळ्याने चहा ओततो आणि बशी भरतो, वर मलाच हसतो.

कुंपण अर्धं उभं आहे, अर्धं आडवं. बाहुली तशीच लटकत होती, पुरावा म्हणून मीच कुणाला हात लावू दिला नव्हता. काल सकाळी फाटक्या जाळीतून सलोनी आत आली. एकटी. अंगावर हाडं उरलीत. मी पहारीकडे बघितलं, इतकी मी अजून रागात आहे. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ खांबाशी गेली, बाहुली ओढून काढली आणि दातांनी, नखांनी फाडायला लागली. ओठ तारेला लागून कापला तरी थांबली नाही. कापूस, काळ्या चिंध्या आणि तिचं रक्त, सगळं माझ्या अंगणात. ओरडत नव्हती रे, नुसती फाडत होती. मी तशीच उभी राहिले. तिच्या अंगावरचा ब्लाउज दुधाने भिजलेला होता.

काही उरलं नाही तेव्हा ती खाली बसली आणि तिने मला विचारलं, की आता पुढचं जगेल ना.

जयंता, तुझं वाक्य मला पाठ होतं. शोभेची होती, तिला काही अर्थ नाही. तेच खरंही आहे. पण ते सांगितलं असतं तर मूल कशाने गेलं, हे ती जन्मभर स्वतःच्याच पोटाला विचारत बसली असती.

मी हो म्हणाले. आता उतरलं सगळं, पुढचं नक्की जगेल, असं सांगितलं.

तिची सासू भिंतीपलीकडून ऐकत होती. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की मराठणीने कबूल केलं. वकिलांना तूच सांग. विनयला मी सांगितलं. तो म्हणाला, जाळी पुरी करून घे.

भांडायचं असेल तर ये, पण लोभ तोडू नकोस.

तुझी
कल्पनाताई