आम्ही दोघी दचकलो नाही

१२ मार्च, रविवार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, चिमणीला पोटभर पापे. मी सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाई सगळा रस्ता माझ्याशी बोलत होत्या. मी खिडकीकडे तोंड फिरवलं, तर काचेत त्यांचे ओठ हलताना दिसत होते. उतरताना त्यांनी माझा हात अगदी प्रेमाने हातात घेतला. इतकं निमूट ऐकून घेणारं माणूस त्यांना आजवर भेटलं नसावं.

तू म्हणशील, मेसेज सोडून हे पत्र कशाला? मेसेजला तू अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा होतोस, म्हणून. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

इकडे सगळं जिथल्या तिथे. लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरींचे ढीग माझी वाटच बघत होते. मशीनं सुरू झाली की तिथे ऐकू येणाऱ्यांनाही काही ऐकू येत नाही. ते बिचारे घसा फोडून ओरडत राहतात, आणि मी आणि भुवई मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत आरामात गप्पा मारतो. भुवई म्हणजे माझी मैत्रीण, तीही बहिरी. एक भुवई उचलून समोरच्याची सगळी ऐट उतरवते, म्हणून तिचं नाव ते. आमची अडचण एकच. मोठ्या चादरीची घडी दोघींनी मिळून घालायची असते, आणि चारही हात चादरीत अडकले की आमची तोंडं बंद. परवा तिने नुसत्या चेहऱ्याने मुकादमाची नक्कल सुरू केली. मला उत्तर दिल्यावाचून राहवेना, मी हात सोडले, आणि धुतलेली, इस्त्री झालेली चादर ओल्या फरशीवर. मुकादम धावत आला आणि हातानेच म्हणाला, ‘पुन्हा धुवा.’ तेवढं तो आमच्याकडून पक्कं शिकलाय.

वहिनीला सांग, तिने बांधून दिलेला डबा बसमध्येच संपवला. तुमच्या जिन्यातला दिवा तेवढा दुरुस्त करून घे, अंधारात मला कोणाचेच ओठ दिसत नाहीत.

पान संपत आलं आणि मी अजून चादरी आणि दिवेच घेऊन बसलेय. आता लिहितेच.

दादा, मी निघायच्या आधी एका दुपारी वहिनीच्या हातून पातेल्याचं झाकण पडलं होतं. मला आवाज आला नाही हे सांगायला नको, पण मला आवाज दिसतो. तुझे खांदे वर गेले. वहिनीने डोळे मिटून घेतले. दारात उभ्या असलेल्या शेजारच्या काकूंनी छातीवर हात ठेवला. चिमणी तुमच्याकडे पाठ करून चमच्याशी खेळत होती, ती खेळतच राहिली. झाकण तिच्या मागे फरशीवर गरगरत होतं. मग तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, कारण मी तिच्याकडे बघत होते.

घरातले सगळे दचकले. आम्ही दोघी दचकलो नाही.

नंतर मी तिच्या पाठीमागे जाऊन टाळ्या वाजवल्या, डबे आपटले, दार आपटलं. वहिनीला वाटलं मी कशावरून तरी रुसलेय. मी रुसले नव्हते. मला खात्री करून घ्यायची होती, आणि ती झाली.

तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. पण घाबरून जाऊ नकोस. मीही अशीच होते, आणि मला बघ, जेवते, भांडते, चादरी पाडते. चांगलं चाललंय माझं.

तुझी,
धाकटी


७ मे, रविवार

दादा,

नमस्कार. वहिनी बरी आहे ना? ती सारखी रडते असं तू लिहिलंस. स्वतःबद्दल काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे तूही रडतोस. रडून घ्या दोघं. पण चिमणीच्या समोर नको. ती चेहरे वाचते, आपल्याला बघून सगळे रडतात एवढंच तिला कळेल.

कानाचं यंत्र लावणार, बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेणार, हे वाचून बरं वाटलं. मग शेवटची ओळ वाचली. ‘तू आलीस की तिच्यासमोर हातवारे करू नकोस, हातांची सवय लागली तर ती बोलायची नाही, असं सगळेच सांगतात.’

हातवारे! दादा, मुकादमसुद्धा त्याला बोलणं म्हणतो. रागाच्या भरात लिहिलेली पत्रं कचऱ्याच्या डब्यात गेली. हे त्यातल्या त्यात सभ्य आहे.

मला आईने बोलायला शिकवलं. आरशासमोर बसवून, माझा हात तिच्या गळ्यावर ठेवून, रोज. मला ‘पाणी’ म्हणता आलं तेव्हा ती पदर सावरत शेजारी सांगायला धावली होती. तिला मी दोष देत नाही, जे करायला सांगितलं ते तिने जीव ओतून केलं. पण मला ‘पाणी’ म्हणता येत होतं आणि आजोबा कुठे गेले हे विचारता येत नव्हतं. एके दिवशी घरात खूप माणसं आली, सगळी रडली, आणि आजोबांची खुर्ची रिकामी झाली. मला कोणी काही सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? आदल्या दिवशी मी त्यांचा चष्मा लपवला होता. ते माझ्यावर रागावून घर सोडून गेले अशी माझी समजूत झाली. मी चष्मा शोधून खुर्चीवर ठेवला आणि दाराशी बसून राहायला लागले.

ते तुझ्या लक्षात आलं. तू मला जिन्यात नेलंस, हाताने मिशीला पीळ दिलास, म्हणजे आजोबा. मग पायरीवर आडवा झालास, डोळे मिटलेस आणि श्वास रोखलास. मी तुला हलवलं, चिमटे काढले, तू उठला नाहीस. मग उठून बसलास आणि मान हलवलीस. आजोबा उठणार नाहीत. मग माझ्याकडे बोट दाखवलंस, रागाचा चेहरा केलास, आणि तो हाताने पुसून टाकलास. तुझ्यावर रागावले नाहीत.

तू जेमतेम नऊ वर्षांचा असशील. त्या घरात मला नीट समजेल असं काहीतरी सांगणारा तू पहिला माणूस. आणि कशाने सांगितलंस रे? हातवारे करून.

पुढे आपण दोघांनी केवढं काय काय बनवलं. जाता जात नसलेल्या पाहुण्यांची खूण, गणिताच्या मास्तरांची खूण, बाबांचा मूड बिघडल्याची खूण. जेवताना सगळे हसायचे आणि मी आईला विचारायचे, काय झालं? ती म्हणायची, ‘काही नाही गं, नंतर सांगते.’ तू टेबलाखाली हात नेऊन लगेच सांगायचास.

मग तू मोठ्या शाळेत गेलास. तुझे मित्र घरी आले, त्यांनी आपली नक्कल केली, माकडासारखे हात उडवले आणि लोळून हसले. तू हात खिशात घातलेस. मित्र गेल्यावर तू ते बाहेर काढशील म्हणून मी वाट बघितली. दुसऱ्या दिवशीही बघितली. हे मी तुला कधी बोलले नाही, आज बोलते. मला फार लागलं ते. मुलं हसली त्याचं काही नाही, पोरंच ती. पण माझ्याशी बोलणारं घरात एकच माणूस होतं आणि ते बोलायचं थांबलं.

त्यानंतर थेट लाँड्रीत भुवई भेटेपर्यंत मी ओठांकडे बघून अंदाज बांधत जगले. लोक कौतुकाने म्हणायचे, हिला ऐकू येत नाही हे कळतसुद्धा नाही. ते कळू नये म्हणून मी किती दमत होते, हे मात्र कोणाला कळत नव्हतं. भुवईने मला टायरच्या दुकानावरच्या खोलीत नेलं. दर रविवारी तिथे आम्ही बहिरे जमतो. पहिल्या दिवशी मला तिथलंही काही समजेना, तेव्हा वाटलं, झालं, इथेही आपण परकेच. पण तिथे कोणी ‘नंतर सांगते’ म्हणालं नाही. समजेपर्यंत पुन्हा सांगितलं, चित्र काढून सांगितलं, नाचून सांगितलं. मग एका रविवारी कोणीतरी एक आचरट विनोद केला आणि मी सगळ्यांच्या बरोबर हसले. सगळ्यांकडे बघून नाही, त्यांच्याबरोबर. त्या दिवशी घरी येऊन मी रडले, आनंदाने.

कागदावर मी कर्णबधिर, आईच्या तोंडी ‘जरा कमी ऐकू येतं’. मी स्वतःला बहिरी म्हणते आणि मला त्यात काही कमी वाटत नाही.

यंत्र लाव, बाईंकडे ने, चिमणी गायला लागली तरी मी टाळ्या वाजवेन. पण यंत्र रात्री काढून ठेवतात, आंघोळीला काढतात, कधी बिघडतं. तेव्हा तिने कोणाशी बोलायचं? आणि तिला शब्द उच्चारता येईपर्यंत तिच्या मनात येईल ते तिने कुठे ठेवायचं? तिला दोन्ही दे. यंत्र आहे म्हणून हात बांधू नकोस.

मी मांडीखाली हात दाबून तुझ्या घरात बसणार नाही. तसंच यायचं असेल तर मी येणार नाही. मग चिमणीला आत्या फक्त फोटोत दिसेल, आणि ते मला सोसायचं नाही, हेही लिहून ठेवते. ही धमकी समजू नकोस. बरं, थोडी समज.

उत्तराची वाट बघते. अंगठा पाठवू नकोस.

धाकटी


३० जुलै, रविवार

प्रिय दादा,

वहिनीला आणि तुला नमस्कार, चिमणीच्या दोन्ही हातांचे पापे. तुमची बस वेळेवर पोचली असेल.

उत्तर येईना म्हणून मी तुला मनातल्या मनात काय काय म्हणत होते ते सांगत नाही. परवा दारावरच्या घंटीचा दिवा लुकलुकला, उघडून बघते तर तुम्ही तिघं आणि ती फुगलेली बॅग. वहिनीने आत येताच कागदावर लिहून दाखवलं, ‘ह्यांनी पत्र वाचायला दिलं नाही. मी कपाटातून काढून वाचलं आणि तिकिटं काढली.’ तुला बायको चांगली मिळाली, तुझी लायकी नव्हती.

आज दुपारी तू टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होतास. सगळे हसले की मागाहून हसत होतास. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. सगळ्यांचे हात एकदम चालू होते, मला तुला पुरतं सांगता आलं नाही. म्हणून लगेच बसून लिहितेय, नाहीतर तुला वाटेल काहीतरी लपवलं.

शिंपीकाका म्हणाले, ‘हिचा भाऊ हेरगिरी करायला आलाय का?’ भुवई म्हणाली, ‘नाही, दात दुखत असतील.’ तेव्हा सगळे हसले. दुसऱ्यांदा हसले ते तुझ्यावर नाही, खालच्या टायरवाल्यावर. वहिनीने तुला लगेच विचारलं, हे काय म्हणतायत, आणि तू म्हणालास, ‘मला कुठे कळतंय!’ ते मी तुझ्या ओठांवर वाचलं. तुझा चेहरा बघून मला वाटलं, आता याला माझी गोष्ट सांगायची गरज उरली नाही.

चिमणी शिंपीकाकांच्या मांडीवर होती, ते तू बघितलंस. तुला वाटलं ती कंटाळेल, रडेल. ती बघतच राहिली. या हातांवरून त्या हातांवर तिची नजर फिरत होती. मग तिने आपले हात वर केले आणि बोटं उघडली, मिटली, उघडली. तू समजलास ती खेळतेय. दादा, ते खेळणं नव्हतं. बाळं बा-बा, दा-दा करतात ना, तसं ती हातांनी करत होती. म्हणून अख्खी खोली एकदम थांबली आणि सगळे तिच्याकडे वळले. तेव्हा वहिनी रडली, पण ते रडणं वेगळं होतं.

नंतर खोलीतल्या सगळ्यात जुन्या, शिवण शिकवणाऱ्या आजी उठून तुझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी काही विचारलं आणि तू घाबरून माझ्याकडे बघितलंस. त्या फक्त विचारत होत्या, ‘चहा घेणार?’ मग तू चिमणीला समोर बसवलंस, आणि बस निघायची वेळ झाली हे तिला सांगायला हात उचललेस. मनगटावर टिचकी, मग चाक फिरवलंस, मग आपली ती जुनी, बनवलेली ‘चल’. कोणाला कळली नसती ती खूण, पण त्यांनी बघितली. मला म्हणाल्या, ‘याचे हात बोबडे आहेत, पण घाबरत नाहीत. तू शिकवलंस का याला?’

मी म्हणाले, ‘नाही. याने मला शिकवलं.’

त्या बराच वेळ तुझ्याकडे बघत होत्या. तू बॅगेची चेन लावत होतास.

आमच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. चिमणीचं आज ठरलं, वहिनीला दाखवलंय, तुलाही शिकवेल. तू दारात थांबून मला विचारलंस, ‘आणि माझं?’ मी ते खोलीला सांगितलं आणि सगळे हात एकदम हलले. बस सुटेल म्हणून तू ते न समजताच निघालास. ते काय म्हणाले ते सांगते. नाव मागून मिळत नाही. माणूस इतके दिवस आमच्यात बसतो की त्याच्याबद्दल बोलायची वेळ येते, आणि मग नाव आपोआप पडतं. पुढच्या रविवारी त्याची खुर्ची कोपऱ्यातून पुढे आणून ठेवू, असं ठरलंय.

वाट बघते. आम्ही सगळेच बघतोय.

चिमणीची आत्या,
आणि अजून बिननावाच्या एका माणसाची बहीण