गाडीसंबंधी, बारकीस

रविवार, ता. ८ फेब्रुवारी

चि. बारकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

येथे आम्ही उभयता बरे आहोत. तुझ्या सासूबाईंचे गुडघे थंडीने कुरकुरतात, एवढेच. (कागदोपत्री ते नाते संपले, हे मी जाणतो. पण ती स्वतःचा उल्लेख अजून तसाच करते, आणि तिला दुरुस्त करण्याचे धाडस माझ्यात नाही.) नव्या शहरातल्या, कवळ्या घडवण्याच्या नव्या प्रयोगशाळेत तू आता रुळली असशील. खिडकीजवळचे टेबल मिळाले का? मेणात दात कोरायचे म्हणजे उजेड चांगला हवा.

पत्र लिहिण्याचे कारण गाडी. आपली लाल दोन आसनी स्पोर्ट्स कार आपण दोघांनी मिळून आणली, तेव्हा तिची हकीकत तुला कळवणे हे माझे कर्तव्यच आहे. तू पूर्वी काम करायचीस त्या दंतवैद्यांच्या शेडमधून ती ओढून आणली तो दिवस तुला आठवत असेल. आसनाखाली मांजरीची पिल्ले निघाली आणि हिने दारातूनच विचारले, "गाडी आणलीत की बाळंतीण?"

तर आता प्रगती. इंजिनाच्या डोक्याखालचे गॅस्केट बदलले. इंजिनामागच्या बोळकांडीतला बोल्ट मात्र माझी परीक्षा पाहून गेला. तिथे फक्त तुझेच मनगट जाई, त्यावरूनच तुला बारकी म्हणू लागलो. परवा माझा हात तिथे असा अडकला की तो साबण लावून सोडवावा लागला. ही साबण ओतत म्हणाली, "एवढ्या प्रेमाने माझ्या गुडघ्यांना तेल लावलं असतं, तर आज मी धावले असते."

दुसरी बातमी तुला आवडेल. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या वादात तू जिंकलीस. मूळ गाडीला हात लावायचा नाही, हा माझा हट्ट होता. विजेवर चालणारा पंखा बसवा, असे तुझे म्हणणे. मी शांतपणे विचार केला. जुना पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे इंजिन जलद तर पंखा जलद. परंतु गाडी धावत असते तेव्हा समोरून वारा मिळतच असतो. पंख्याची खरी गरज गाडी सिग्नलला थांबते तेव्हा, आणि नेमका त्याच वेळी हा गृहस्थ सर्वांत सुस्त! गरजेच्या वेळी अंग काढून घेणारा मदतनीस काय कामाचा? विजेचा पंखा बसवला. त्याला तापमान पाहून आपोआप सुरू होणारे बटणही जोडले. पंखा पहिल्यांदा स्वतःहून फिरला तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

शेवटी दोन कार्बोरेटर. प्रत्येक कार्बोरेटर इंजिनाच्या अर्ध्या भागाला हवा आणि पेट्रोल पुरवतो. दोघांचा श्वास सारखा असला तरच इंजिन समतोल चालते. त्यासाठी आधी दोघांना जोडणारा दांडा सैल करायचा, म्हणजे एकाची ओढाताण दुसऱ्याला लागत नाही. मग रबरी नळीचे एक टोक कानाशी धरायचे, दुसरे आळीपाळीने दोन्ही तोंडांशी न्यायचे, आणि आत शिरणाऱ्या हवेची फुसकार दोन्हीकडे सारखी होईतो स्क्रू फिरवत राहायचे. हे काम तू करायचीस. या वेळी मी केले. दोन्हींकडून मला अगदी सारखे ऐकू आले. तरीही गाडी मंद चालीत अचानक बंद पडते. पेट्रोलमध्ये कचरा असावा. टाकी उतरवून पाहीन.

हिचे म्हणणे असे की, डिसेंबरातल्या फोननंतर तू पुन्हा फोन केला नाहीस, म्हणजे मी रागावलो आहे असा तुझा समज झाला असणार. तसे काही नाही. आमच्या फोनमध्ये अलीकडे फार खरखर येते, दुरुस्ती करणारा माणूस आज येतो, उद्या येतो असे चालले आहे. तेव्हा तू पत्रच लिहीत जा.

हिची कवळी खालच्या बाजूला किंचित सैल वाटते म्हणे. तू या बाजूला कधी येणार असलीस तर पाहशील. मुद्दाम येण्याचे कारण नाही.

कळावे,
बाबा


रविवार, ता. १ मार्च

चि. बारकीस,

आशीर्वाद.

तुझे पार्सल पोचले. कापसात गुंडाळलेली ती काचेची नळी हातात घेतली तेव्हा प्रथम वाटले, दवाखान्यातली एखादी वस्तू चुकून आली. मग आतला लहानसा मणी दिसला. कार्बोरेटरच्या तोंडावर हे यंत्र दाबून धरले की जितकी हवा आत जाईल तितका मणी वर चढतो. दोन्हीकडे मणी एकाच रेघेवर थांबला, की श्वास सारखा. किती साधे, किती सुंदर तत्त्व! वर्गात हे शिकवायला माझ्याजवळ असते तर मुलांनी तास संपल्याची घंटा ऐकली नसती.

मग चिठ्ठी वाचली. एकच ओळ. "बाबा, हे बघून जुळवा."

ऐकून नव्हे, बघून. ती ओळ घेऊन मी आपल्या शेडमधल्या स्टुलावर बराच वेळ बसलो.

मागच्या पत्रात मी पेट्रोलमधल्या कचऱ्याविषयी लिहिले होते. टाकी उतरवली. आरशासारखी स्वच्छ निघाली. गेल्या रविवारी आमचे चिरंजीव आले. गाड्यांमधले त्यांना किती कळते ते तुला सांगायला नको. मी इंजिन सुरू करून समाधानाने उभा होतो आणि हा फाटकातूनच हसत आला. काहीतरी बोलला. मी म्हटले, "काय?" तो जवळ आला आणि पुन्हा बोलला. मी पुन्हा, "काय?" मग तो माझ्या समोर येऊन उभा राहिला.

"बाबा, हिला दमा झालाय का? केवढी लंगडतेय!"

"लंगडते? छे! दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत, मी स्वतः ऐकल्यात."

त्याने नळी माझ्या हातातून घेतली, कानाला लावली, एकीकडे नेली, दुसरीकडे नेली. चेहरा उतरला त्याचा. "एका बाजूने नुसता सूं-सूं आवाज आहे बाबा. दुसऱ्या बाजूने जवळजवळ काहीच नाही. तुम्हाला... खरंच ऐकू आलं होतं का?"

दोन्ही बाजू सारख्या ऐकू आल्या, असे मी तुला लिहिले होते, आणि ते खोटे नव्हते. दोन्हींकडून मला काहीच ऐकू आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव आम्हा दोघांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी मला काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली आणि कागदावर आलेख काढून दिला. तो मी वाचू शकतो, हीच पंचाईत. खालचे, जाड आवाज ठीक आहेत. वरचे, बारीक आवाज जवळजवळ गेले आहेत. पाखरे, किटलीची शिटी, हवेची फुसकार हे सगळे त्याच टोकाला. बाईंनी विचारले, "घरच्यांचं बोलणं ऐकू येतं का?" मी उत्तर देण्याआधीच ही म्हणाली, "सोयीचं येतं."

तेव्हा फोनविषयी खरे ते लिहितो. फोन कधी बिघडलाच नव्हता.

डिसेंबरात तुझा फोन आला तेव्हा तुझा आवाज मला ओळखता आला. शब्द एकही कळला नाही. तू बराच वेळ बोलत होतीस. मध्ये थांबलीस, पुन्हा बोललीस. तू रडत असावीस असेही वाटले, पण खात्री नव्हती. "मोठ्याने बोल" एवढे म्हणायला हवे होते. आयुष्यभर मागच्या बाकावरच्या मुलाला ऐकू जाईल असा बोललो, त्या मला तेवढे म्हणवले नाही. "बरं बरं, ठेव मग," असे बोलून मी फोन ठेवला. तू जे विचारलेस त्याचे ते उत्तर नव्हते, मुली. तू काय विचारलेस ते मला आजही ठाऊक नाही.

आणि मला वाटत होते, हे कोणालाच माहीत नाही! तुझी चिठ्ठी हातात धरून बसलो तेव्हा एकेक गोष्ट आठवू लागली. शेडमध्ये तू नेहमी फिरून माझ्या उजव्या बाजूला यायचीस. पाना मागायचा तर आधी माझ्या खांद्याला हात लावायचीस, मग बोलायचीस. नळी तर शेवटचे वर्षभर मला तू धरूच दिली नाहीस. "तुमच्या मिशा आत ओढल्या जातील बाबा, द्या इकडे, मी ऐकते." मी तो विनोद समजून हसत असे. तू या घरात होतीस तोवर माझे कान शाबूत होते, असेच म्हणायला हवे.

हिला हे सांगितले तर म्हणाली, "मला तिने कधीच सांगितलं होतं. आणि बजावलंही होतं, बाबांना कळू देऊ नका, त्यांना वाईट वाटेल." मी विचारले, "मग तू तिच्यावर रागावली नाहीस, या घटस्फोटाच्या सगळ्या प्रकारात?" तर म्हणते, "ज्या दातांनी जेवते ते तिने घडवलेले. त्याच दातांनी तिला नावं कशी ठेवू?" कवळी सैल नाही, हेही तिने तुला कळवायला सांगितले आहे. ते मी मनाने लिहिले होते.

काल तुझ्या यंत्राने कार्बोरेटर जुळवले. दांडा सैल केला, एकीकडचा मणी पाहिला, दुसरीकडचा पाहिला. किती तफावत! एक बाजू सगळा भार वाहत होती. पाव पाव फेरा करत दोघांना एका रेघेवर आणले आणि मग दांडा घट्ट केला. इंजिनाचा आवाज मला पुरता ऐकू येत नाही, म्हणून झाकणावर तळहात ठेवला. थरथर अशी एकसारखी लागली की हात उचलवेना. चिरंजीव आणि मी वस्तीभोवती एक फेरी मारून आलो. गाडी एकदाही बंद पडली नाही. ही फाटकात उभी होती, आणि पुढची फेरी आपली, असे तिने जाहीर केले.

परतताना चिरंजीवाने वाटेत गाडी थांबवली. माझ्याकडे तोंड वळवून तो सावकाश म्हणाला, "बाबा, तिला बोलवा ना. आमचं जमलं नाही. तुमचं जमलं होतं." तो हे मनापासून म्हणाला, हे तुला कळावे म्हणून लिहितो.

आता एक शेवटची गोष्ट. पार्सल येण्याच्या आदल्या दिवशी मी तुला एक पत्र लिहून ठेवले होते. त्यात सविस्तर सिद्ध केले होते की, तुझ्या कानांवाचून हे कार्बोरेटर जुळणे अशक्य आहे, सबब तू दोन दिवस येऊन जावेस. युक्तिवाद चोख होता. तुझ्या यंत्राने त्याचा पायाच काढून घेतला. ते पत्र मी फाडले. गाडी चालते आहे, काही अडलेले नाही, कोणत्याही कामासाठी आता तुझी गरज नाही. तुला बोलवायला माझ्याजवळ एकही कारण उरलेले नाही.

तरी ये.

फोन करून कळवू नकोस, कानाचे यंत्र मिळायला अजून अवकाश आहे. डिसेंबरात जे विचारलेस ते माझ्यासमोर उभी राहून पुन्हा विचार. उत्तर 'हो' आहे.

वाट पाहणारा,
तुझा बाबा