लाल चौकोनात कोण?

दौंड, १५ जानेवारी २०००

ती. भाईजान यांस,
निखतचा सलाम, वि. वि.

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, म्हणून पुढच्या महिन्यात मी शिरूरला यायचं, हे अम्मीने परस्पर ठरवूनही टाकलं. पण तेव्हाच आपल्या दारापुढचा बाजाररस्ता गटाराच्या पाइपांसाठी खणणार, असं हे एसटी स्टँडवर ऐकून आले.

मला भीती वाटते, सरळच लिहिते. दोन वर्षांपूर्वी असाच रस्ता खणला होता आणि हसीनाभाभींची रिक्षा पाऊण तास अडकली. दवाखान्यात पोचेपर्यंत तुमचं बाळ गेलं होतं. जखमेला हात लावला, माफ करा. डोळे मिटले की तीच रिक्षा दिसते. येऊ की नको?

माया आहे तशीच असू द्या.
तुमची धाकटी, निखत

शिरूर, २० जानेवारी

चि. निखतला अनेक दुआ, वि. वि.

घाबरण्यात तुझा हात कोणी धरणार नाही! अगं, या खेपेला खणायचा बेत आखायचं काम आमच्याच ऑफिसकडे आहे. अख्खा बाजाररस्ता मी कॉम्प्युटरवर उतरवलाय. एसटी, ट्रक, रिक्षा म्हणजे रंगीत चौकोन, आणि ते पडद्यावर पळतात. कुठला तुकडा बंद केला की कोंडी कुठे होते, हे कुदळ मारण्याआधीच दिसतं. महिनाभर उभा राहून गाड्या मोजल्या. आता रस्ता तुकड्यातुकड्याने खणायचा आणि वाहतूक मशिदीमागच्या गल्लीने काढायची.

आपल्या दारापासून दवाखान्यापर्यंत रिक्षाचा एक लाल चौकोन सोडून पाहिला. बाजाराच्या दिवशीही सात मिनिटं. बिनघोर ये.

लोभ असतोच, तो वाढव.
सोहेब

दौंड, २५ जानेवारी

ती. भाईजान यांस सलाम, वि. वि.

सात मिनिटं वाचून जीव भांड्यात पडला. मग मेथी निवडताना हातच थांबले. गाड्या मोजल्यात, पण बाजाराला वडगाव रासाईहून येणाऱ्या गिताबाई, चांगुणा आणि इतर भाजीवाल्या मोजल्यात का? त्यांना चाकं नाहीत, म्हणून विचारते. रस्ता खणला तर त्या घरी थोड्याच बसणार? गिऱ्हाईक गल्लीने गेलं की त्याही गल्लीत. ती किती अरुंद आहे, आपण तिथे गोट्या खेळलोय. हसलात तरी चालेल, पण एकदा बघाच.

उत्तराची वाट पाहणारी,
निखत

शिरूर, २ फेब्रुवारी

चि. निखतला दुआ, वि. वि.

हसू आलं नाही, घाम फुटला. दर बाजारी गिताबाईकडून कोथिंबीर घेणारा मी, कागदावर फक्त गाड्या लिहिल्या. भाजीवाल्यांना गल्लीत बसवून चौकोन पुन्हा सोडला. बावन्न मिनिटं! गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, तो हललाच नाही. हसीना डबा घेऊन आली होती. तिने विचारलं, तो लाल कोण? मी डबा उघडून जेवायला बसलो. तुला सांगतो. तो तुझ्यासाठी काढलेला नव्हता. मी अजून तीच रिक्षा पोचवायला बघतोय.

साहेबांपुढे चूक कबूल केली, बोलणी खाल्ली. मग भाजीवाल्यांना ऑफिसात नेऊन पडदा दाखवला. गिताबाईने विचारलं, लाल चौकोनात कोण हाय? म्हटलं, आमच्या घरची लेक, बाळंतपणाला येणारी. महिनाभर शाळेच्या मैदानात बसाल का, विचारलं. म्हणाली, तिथं गिऱ्हाईक फिरकत न्हाई, पण बघू. याहून पक्कं माझ्या हातात काही नाही. सोमवारी काम सुरू होतंय आणि मला महिनाभर पुण्याला पाठवताहेत. तू येऊ नकोस. अम्मीलाच दौंडला धाडतो.

काळजीत असलेला,
सोहेब

शिरूर, २२ फेब्रुवारी

ती. भाईजान यांस सलाम, वि. वि.

मामा झालात. मुलगी आहे, दोघी सुखरूप आहोत. तुमचं पत्र दौंडला पोचलं तेव्हा मी शिरूरच्या एसटीत होते. ह्यांनी ते मागाहून आणलं, तोवर अम्मी मला परत सोडेना.

कळा नेमक्या बाजाराच्या दिवशी आल्या. रिक्षात भाभी शेजारी बसल्या. गल्लीच्या तोंडाशी भाजीच्या पाट्याच पाट्या! मैदानात गिऱ्हाईक नाही म्हणून सगळ्या भाजीवाल्या परत आल्या होत्या. रिक्षा थांबली. मी भाभींकडे पाहिलं तर त्यांनी डोळे घट्ट मिटलेले. भाईजान, तेव्हा मी मेलेच होते. तेवढ्यात गिताबाई आत डोकावली, लाल चौकोनातली हीच व्हय, म्हणाली आणि वळून अशी ओरडली की पाट्या उचलल्या गेल्या. टमाटे सांडले ते चाकाखाली गेले, कोणी वाकलंही नाही. बारा मिनिटं लागली.

भाभींनी डोळे उघडले ते दवाखान्याच्या दारात. बाळ पहिल्यांदा त्यांनीच घेतलं. तो लाल कोण, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाल्या, तुझ्या भाईजानना लिही, आता तो पडद्यावरून काढून टाका. पोचला म्हणावं.

भाचीवर माया असू द्या.
निखत