ठमी माझ्याबरोबर आहे

अहो,

ठमीला घेऊन मी माझ्या बहिणीकडे जाते आहे. भाजी झाकून ठेवली आहे, तेवढी गरम करून घ्या.

संध्याकाळी ठमीवर उपचार करायला येणाऱ्या त्या गृहस्थांना फोन करून नको म्हणा. ‘मुलगी चारचौघींसारखी करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती मी लेक द्यायची नाही. ऑटिझम म्हणजे आजार नव्हे, तिची घडणच तशी आहे. मी रोज त्याच आसनावर जप करते, मध्ये कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून धरते, तर तुम्ही मला भाविक म्हणता. तिनं तसं केलं की हट्टी?

तिचे हेडफोन कुलपातून काढून खुंटीला लावा. मिक्सरचा आवाज तिला खरंच सोसत नाही.

सकाळी भिंतीकडे बघत तिनं विचारलं, “बाबांना माझ्याऐवजी दुसरी मुलगी हवी आहे का?” खोटं न बोलण्याचा माझा नेम आहे, म्हणून मी गप्प बसले.

उत्तर तुम्हीच द्या, पण फोनवर नको, तिकडे येऊन द्या. आणि तेव्हा हनुवटी धरून तिचं तोंड वळवू नका. ती ऐकत असते.