फोडणीपुरती काठी

ओताकर साहेब,

ही काय पद्धत झाली? आठ वर्षं माझ्या हातचं जेवलात आणि न सांगता विमानात बसलात! तुम्हाला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच मोकळं लिहितेय.

ब्रनो शहरातल्या पाववाल्याचं पोर तुम्ही. चाळीस वर्षं देशोदेशीचे ऑर्केस्ट्रा कंडक्टरच्या त्या बारक्या काठीच्या इशाऱ्यावर वाजवलेत. इथे आखातात, अल बर्शाच्या ह्या किचनमध्ये माझ्या फोडणीलाही काठी दाखवायचात. "जुलेखा, नॉट येट!" तोवर जिरं करपायचं.

मला कार्यक्रमाला नेलंत, तेव्हा वाजणं मध्येच थांबलं. मला वाटलं, खलास. मी एकटीनेच टाळ्या पिटल्या. सगळे माझ्याकडे बघून हसले, पण तुम्ही वळून मला वाकून नमस्कार केलात.

मग तुमचा उजवा हात थरथरायला लागला. चहा सांडायचा, मी न बघितल्यासारखं करायचे. तेच चुकलं माझं.

शुक्रवारी फ्लॅटची चावी द्यायचीय. सगळं सामान खोक्यांत भरलं, काठी तेवढी माझ्या पर्समध्ये आहे. थरथरत्या हाताने फोडणीपुरती तरी हलवता येईल. येताय की नाही, गुरुवारपर्यंत कळवा.

वाट बघायला वेळ नसलेली,
जुलेखा