अर्धी जोडी

फुलसावंगी
दि. २८ जुलै २००६

चि. सौ. कुंदास दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहाले कारण की, पोळा महिन्याच्या आत आला अन् माझ्याजवळ एक झडती नाही. तुझी शाल्मली मागं विचारत होती, मामा झडती म्हणजे काय? तिले सांग, पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे राह्यले की दोन्ही टोकांवरून एकमेकांवर दोन-दोन ओळीचे टोमणे फेकाचे, त्याले म्हणतात झडती. बावीस वर्षं झाले, पश्चिमेच्या टोकावर मी अन् पूर्वेच्या टोकावर बबनराव.

औंदा गावाचा चेहराच उतरला आहे. कापसानं असं बुडवलं की पारावर कोणी हसला तर बाकीचे त्याच्याकडे पाहत राह्यतात. सरपंच घरी येऊन म्हणे, नीळकंठभाऊ, पोळ्यात लोक हसले पाह्यजे, ते काम तुमचं. मी हो म्हणून बसलो. पण सुचन कसं? बबनरावाच्या भिंतीले लागून पिठाची चक्की बसली, तिचा घरघराट आमच्या घरापर्यंत येते. बबननं तर अक्षय तृतीयेलेच बैल विकले, तो आता पोळ्यात नाही.

तुझी माडीवरची खोली आठ दिवस भेटन काय? शांतता असली की सुचन. जावईबापूंना नमस्कार.

तुझा काळजीतला,
दादा

पुसद
दि. १ ऑगस्ट २००६

ती. दादास कुंदाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

विचारतोस काय, ये! टेबल खिडकीशी सरकवलं आहे. कोरे कागद, नवा पेन, सुपारीची डबी, सगळं मांडून ठेवलं. ह्यांना टीव्ही बंद ठेवायची ताकीद दिली आहे, आणि कुकर तू फिरायला गेलास की लावीन. एवढा थाट शाल्मलीच्या दहावीलाही केला नव्हता.

वहिनीला म्हणावं, नवरा आठ दिवसांनी धुऊन-इस्त्री करून परत पाठवते. जुनी वही आठवणीनं आण.

वाट पाहणारी,
कुंदा

फुलसावंगी
दि. १३ ऑगस्ट २००६

चि. सौ. कुंदास अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. तुले तोंडानं सांगाची लाज वाटली म्हणून लिहून राह्यलो. आठ दिवसांत एक ओळ झाली नाही. म्हणजे झाल्या चार, पण त्या तहसीलदाराले केलेल्या अर्जावानी होत्या, खाली सही तेवढी बाकी. फाडून टाकल्या.

तुझी खोली लाख चांगली आहे, बाई. पण तिथं इतकं शांत की जे आठवू नये तेच आठवत बसलो. आता इथं चक्की आहेच. तुझी वहिनी इंदू म्हणते, तुमचं डोकं म्हातारं झालं. असंही असन. उद्या सरपंचाले नाही म्हणून सांगतो. अन् हो, वही तिथंच राह्यली वाटते, पाठवून देजो.

माया असू दे.
दादा

पुसद
दि. १६ ऑगस्ट २००६

ती. दादास सा. न. वि. वि.

सरपंचांना काही सांगू नकोस. आधी हे वाच.

वही उशीखाली सापडली. पाठवण्याआधी सगळी वाचली, रागव हवं तर. बावीस वर्षांच्या झडत्या, आणि प्रत्येक पानावर डावीकडे लिहिलंय 'बबन म्हणाला', उजवीकडे तुझं उत्तर. दादा, तू आपणहून सुरुवात केलेली झडती या वहीत एकच आहे. गेल्या वर्षीची.

बबन्याचा बैल पाहा, पोळ्यात आला सजून,
बरगड्या घ्या रे लेकहो, एक-एक मोजून.

त्याच्यासमोरचं पान कोरं आहे. बबनभाऊंनी पहिल्यांदाच उत्तर दिलं नाही, हो ना? आणि पुढे त्यांनी बैलच विकले. त्या पोळ्यापासून तू त्यांच्या ओट्यावर गेला नाहीस, हे मला वहिनीनं फोनवर सांगितलं.

अरे दादा, बिचाऱ्या चक्कीला कशाला बोल लावतोस? मनात लाज साचली की माझ्या वर्गातल्या हुशार मुलीचंही पाठांतर अडतं, मी रोज पाहते. माझं टेबल, पेन, खिडकी काही उपयोगाचं नव्हतं. तुला बबनभाऊ हवेत. जा आणि माफी माग. लहान तोंडी मोठा घास घेते आहे, पण घेते.

रागावलास तरी तुझीच,
कुंदा

फुलसावंगी
दि. २७ ऑगस्ट २००६

चि. सौ. कुंदास पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. चौथ्या दिवशी गेलो. बबन ओट्यावरच होता. मी म्हटलं, माह्यं चुकलं गड्या. तो म्हणे, कायले? बरगड्या तं दिसतच होत्या, चारा नव्हता, त्याच्यापायीच मी जोडी विकली. उत्तर बी त्याच रात्री सुचलं होतं, पण तू आलाच नाही, मंग फेकू कोणावर? मले रडू आलं, कुंदा. तोही पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत होता.

पण त्याच्याजवळ बैल नाही, अन् बैलाशिवाय तोरणाखाली उभं राहाचा मान नाही. मंग मी जोडी फोडली. पोळ्याच्या दिवशी माझा ढवळ्या घेऊन बबन पूर्वेच्या टोकावर, अन् पवळ्या घेऊन मी पश्चिमेच्या. म्हातारे म्हणे, जोडी फोडणं अशुभ असते. तेवढ्यात बबननं सुरुवात केली :

अर्धी जोडी दिली मले, अर्धी ठेवली घरी,
ढवळ्या म्हणे, नीळकंठाहून बबनची दावण बरी!

सारं गाव खदखदलं. सरपंच तं पोट धरून खाली बसला. अन् मले, जो महिनाभर सुपारी चावत बसला होता त्याले, तिथल्या तिथं सुचलं :

दावण बरी वाटते त्याले, तं ठेवून घे रे बाप्पा,
बैलाच्या निमित्तानं आपल्या रोज होतील गप्पा.

आता तोरणाखाली बोललेला शब्द परत कसा घ्याचा? ढवळ्या बबनच्याच दावणीले आहे. इंदू म्हणते, दुनियेत यमकासाठी बैल देणारा माणूस हा एकच. कपाशीत तण काढाले डवरा चालू आहे, त्याले दोन्ही बैल लागतात, म्हणून रोज सकाळी ढवळ्याले आणाले जातो अन् सांजेले सोडाले जातो. दोन्ही वेळा चहा होते.

चक्की त्याच्या भिंतीलेच लागून आहे, त्याच्या ओट्यावर तिचा आवाज आमच्या घराच्या दुप्पट. बोलाचं तं ओरडून बोला लागते. तू पाठवलेली वही आता त्या ओट्यावरच ठेवली आहे.

जावईबापू अन् शाल्मलीले आठवण. पुढच्या पोळ्याले या सारे.

तुझा ऋणी,
दादा