कंपनीच्या भिंतीवर एक खिळा

८ जानेवारी १९८९, रविवार
आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. आयुष्याला शिस्त हवी.
कॉलेज सोडून तीन महिने झाले. बाबा म्हणतात, सोडलं म्हणू नकोस, काढलं म्हण. चूक. सरांनी माझं जर्नल सगळ्या वर्गासमोर भिरकावलं, मी त्यांचा डस्टर भिरकावला. बरोबरी झाली होती. मग माफीनामा मागितला, तो मी दिला नाही. याला सोडणं म्हणतात.
संकल्प : राग आवरायचा. पहाटे उठून पळायचं. आणि कांचनचं चित्र बैठकीच्या भिंतीवर लावायचं. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा.

९ जानेवारी
पळायला उठलो नाही. धुकं होतं.
चित्राबद्दल नीट लिहून ठेवतो. कांचन समोरच्या क्वार्टरमध्ये राहायची. नोव्हेंबरमध्ये तिच्या वडिलांची झाशीला बदली झाली. सामानाचा ट्रक भरत असताना ती स्वतः आली, चादरीत गुंडाळलेलं हे चित्र माझ्या हातात दिलं. म्हणाली, अनंत, हे तुमच्याकडे राहू दे, ट्रकमध्ये वाट लागेल. पुढे 'नंतर नेईन' असं काहीसं म्हणाली, पण ते तिचे बाबा मागे उभे होते म्हणून. मुली सगळ्यांसमोर काही उघड बोलत नाहीत.
चित्रात आमची टाउनशिप आहे. संध्याकाळ, क्वार्टरांची रांग, वर मोठं लालसर आभाळ आणि एकाच खिडकीत दिवा. खिडकी माझी आहे. ती समोर राहायची, तिला दुसरी कुठली दिसणार?
दोन महिने चित्र कपाटामागे तोंड फिरवून उभं आहे. हा अन्याय आहे.

१० जानेवारी
बाबांकडे विषय काढला. उत्तर माहीत होतंच. भिंत आपली नाही, कंपनीची आहे.
आमच्या घरात आजवर एकही खिळा मारलेला नाही. जे काही लटकतं ते कंपनीनेच ठोकलेल्या वस्तूंवर. कॅलेंडर खिडकीच्या कडीला, बाबांची छत्री पडद्याच्या दांडीला, माझा आरसा स्विचबोर्डाच्या स्क्रूला. रिटायर होताना कंपनीच्या सिव्हिल खात्याचा माणूस येतो, भिंतीवरून हात फिरवतो, भोकं कागदावर लिहून घेतो. बाबा मार्चअखेर रिटायर होताहेत. त्यांना 'स्वच्छ क्वार्टर' असा शेरा हवाय. काही लोकांना मेडल हवं असतं, बाबांना हे.
मी म्हटलं, एका खिळ्याने कारखाना बंद पडेल का? बाबा म्हणाले, तुझ्या एका डस्टरने कॉलेज बंद पडलं का? जेवलो नाही. नंतर आईने पोळीचा लाडू आणून दिला, तो तिच्या समाधानासाठी खाल्ला.

१३ जानेवारी
आधी फ्रेम. आनंद नगरला फ्रेमवाल्याकडे गेलो. त्याने चित्र बघून विचारलं, किसने बनाया, स्कूल के बच्चे ने? मी फक्त एवढंच विचारलं की त्याला डोळे आहेत का. मग त्याच्या बापाबद्दलही थोडं विचारलं गेलं. तो शांतपणे चित्र गुंडाळून खास भोपाळी ढंगात म्हणाला, को खां, तस्वीर ले जाओ, अगली बार तमीज़ भी साथ लाना।
त्याच्याकडे परत जाणार नाही. हाकललं त्याने, पण निर्णय माझा आहे.
राग आवरायचा संकल्प सोमवारपासून.

१५ जानेवारी, रविवार
मोठी बातमी! बाबांच्या कारखान्यातले नरहरकाका झाशीच्या दौऱ्यावरून परतले. कांचनच्या आईचा निरोप आणलाय. एकोणतीस तारखेला कांचन भोपाळला येतेय, आमच्याकडे मुद्दाम येणार आहे, आणि तिच्याकडे एक गोड बातमी आहे, ती तीच सांगेल.
मुद्दाम!
आई मला म्हणाली, अनंता, फार मनाला लावून घेऊ नकोस रे काही. मी म्हटलं, आनंदाची गोष्ट मनाला नाही लावायची तर कुठे लावायची? ती तांदूळ निवडत बसली.

१७ जानेवारी
फ्रेमचा प्रश्न सुटला. घरातच होती!
आईच्या पलंगाखाली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. आईने कापडावर भरलेला मोर. मी पोटात होतो तेव्हा बसून भरलेला, मामाने नागपूरहून फ्रेम करून आणलेली. सागवानी, काच, सगळं. भिंतीला खिळा नाही म्हणून इतकी वर्षं पलंगाखाली. बाबा दरवेळी म्हणतात, आपलं घर झालं की लावू. आपलं घर म्हणजे कोलार रोडचा प्लॉट. तिथे पाया आहे आणि पायात बाभळी आहेत.
कुणी न बघणारी वस्तू फ्रेममध्ये ठेवून काय उपयोग? मोर काढून वर्तमानपत्रात घडी करून ठेवला. आईला सांगितलं. ती पुडकं हातात घेऊन म्हणाली, घडी मानेवर नको घालूस, टाके तुटतात.
हरकत नाही याचाच अर्थ.

१८ जानेवारी
चित्र फ्रेमपेक्षा उंच निघालं. थोडंसंच. वरची पट्टी ब्लेडने कापली. नुसतं आभाळच होतं. खिडकी शाबूत आहे.

२१ जानेवारी
तालीम. आतल्या खोलीत कपाटामागे, जिथे कुणाला दिसणार नाही. पहिला खिळा वाकला. दुसरा उडून दुधाच्या पातेल्यात. तिसऱ्याने मुठीएवढं प्लास्टर खाली आलं. अंगठा सुजलाय. भिंतीला शिव्या दिल्या, हातोडी आपटली, तर फरशीला चीर गेली. सध्या तिच्यावर पायपुसणं आहे.
एकंदरीत हात बसत चालला.

२८ जानेवारी, शनिवार
उद्या बाबांना ओव्हरटाइम आहे. ते सकाळी जातील, कांचन अकराच्या सुमारास येईल, बाबा परततील तोवर सगळं ठरलेलं असेल. घरात होणाऱ्या सुनेचं चित्र म्हटल्यावर बाबा खिळ्याबद्दल काय बोलणार?
तिला काय म्हणायचं तेही पाठ केलं आहे : तुझ्या खिडकीत मी आहे. आरशासमोर म्हणून पाहिलं. छान वाटतं. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, कोण आलंय?

२९ जानेवारी, सकाळ
बाबा गेले. खिळा पहिल्या फटक्यात बसला! मी दारासमोरची जागा धरली होती, पण आई हात पुसत आली आणि म्हणाली, तिथे नको, जरा डावीकडे, सकाळचं ऊन बरोबर तिथे पडतं. किती उंच तेही बोटाने दाखवलं. जागा जणू आधीच बघून ठेवलेली. चित्र तिथे खरंच खुलून दिसतं. माझी नजर पहिल्यापासूनच चांगली आहे.
आई चित्राकडे न बघता भिंतीकडेच बघत उभी होती. पोहे करपले.

२९ जानेवारी, संध्याकाळ
कांचन आली. सोबत विनायक नावाचा गृहस्थ. नागपूर, वीज मंडळ. साखरपुडा झालाय. मेमध्ये लग्न.
माणूस सभ्य निघाला. त्यामुळे भांडताही आलं नाही. त्याने आईला वाकून नमस्कार केला, मला म्हणाला, कांचन तुमच्याबद्दल फार सांगते, ट्रक भरताना तुम्ही एकट्याने कपाट उचललंत म्हणे. दोन महिन्यांत माझ्याबद्दल एवढंच सांगण्यासारखं निघालं. कपाट.
कांचन भिंतीपाशी गेली आणि आनंदाने ओरडली, अय्या, फ्रेम! मग विनायकला दाखवू लागली, बघ, ही आमच्या स्वयंपाकघराची खिडकी, मी पाण्याच्या टाकीजवळ बसून काढलं, आत आई चहा टाकत होती. मग तिची नजर वर गेली. वरचं आभाळ कुठे गेलं रे, अनंत?
पाठ केलेलं वाक्य एकच होतं. ते इथे बसत नव्हतं. मी म्हटलं, मावत नव्हतं.
तिने फ्रेमच्या वरच्या कडेला नख लावून पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. मग हसून म्हणाली, असू दे, आमचा तिकडचा फ्लॅट लहानच आहे.
चित्र न्यायलाच आली होती. विनायकने फ्रेम उलटी करून पाहिली, मागे मी दहा-बारा बारीक चुका ठोकल्या होत्या, घट्ट. काढताना काच फुटेल म्हणाला. कांचन म्हणाली, काकू, फ्रेम तुमची आहे ना? आई म्हणाली, राहू दे गं, आहेर समज. आणि ओटी भरली.
मी फाटकापर्यंत पोचवून आलो. फ्रेम मीच उचलून रिक्षात ठेवली. जड होती. चांगलं लाकूड.

बाबा साडेपाचला आले. बूट काढता काढता खिळा दिसला. उघडा, बैठकीत मधोमध. मी तयार होतो. मनातल्या मनात मोठी तीन उत्तरं जुळवली होती. बाबांनी जवळ जाऊन तो बोटाने हलवून पाहिला. मग माझ्याकडे वळलेच नाहीत. आईला म्हणाले, सुमित्रा, मारलाच आहे तर दोन महिने तुझा मोर लाव की.
आई म्हणाली, त्याची काच मागेच फुटली.
आईला खोटं बोलायची सवय नाही. मी पाणी प्यायला आत गेलो.

२ फेब्रुवारी
नव्याने सुरुवात. कांचनबद्दल मनात काहीही नाही. पहाटे उठायचं, कॉलेजला माफीनामा देण्याचा विचार करायचा. आज फक्त विचार केला.
मोर बिनफ्रेमचा लावता येईल का पाहिलं. पुठ्ठ्यावर ताणला तर मानेवरचे टाके सुटायला लागले. घडी तिथेच पडली होती. आई म्हणाली, ठेव रे, नको ओढूस.
आनंद नगरला गेलो होतो. फ्रेमवाला समोर होता. रस्त्याच्या अलीकडेच थांबलो. त्याला गिऱ्हाईक होतं. परत आलो.

१९ फेब्रुवारी
खिळ्यावर आई भाजीची पिशवी अडकवते. बाबा काही म्हणत नाहीत. सकाळचं ऊन बरोबर पिशवीवर पडतं. आत कोथिंबीर असली तर बरी दिसते.

३० मार्च
बाबांनी खिळा स्वतः काढला. हळू, पक्कडीने, प्लास्टर धरून. चुन्यात टूथपेस्ट कालवून भोक भरलं, वरून बोटाने गुळगुळीत केलं. कपाटामागचं खिंडार दिसलं तेव्हाही ओरडले नाहीत, फक्त आणखी चुना मागितला. मी भिजवून दिला. बापलेकांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम. चांगलं जमलं.

३१ मार्च
सिव्हिलचा माणूस आला. भिंतींवरून हात फिरवला. पायपुसणं उचललं नाही. शेरा : स्वच्छ क्वार्टर. बाबांनी तो आईला दोनदा वाचून दाखवला. आई म्हणाली, हो, इतकी वर्षं राहिलो असं वाटतसुद्धा नाही.

२ एप्रिल, रविवार
कोलारचं घर होईपर्यंत अशोका गार्डनला भाड्याच्या दोन खोल्या. रेल्वे जवळ, गाडी गेली की भांडी वाजतात. भिंती मात्र नव्या, पांढऱ्याशुभ्र. मी आईला म्हटलं, तुझा मोर इथे लावू. आता मी शांतपणे बोलून त्या फ्रेमवाल्याकडून फ्रेम करून आणतो. माझा स्वभाव पूर्वीचा राहिलेला नाही.
ट्रंकेतून पुडकं काढून आईच्या हातात दिलं. तिने कागद सोडला, मोराच्या मानेवरून बोट फिरवलं, आणि बैठकीत एक जागा बघू लागली. डावीकडे, खिडकीच्या उजेडात.
तेवढ्यात घरमालक आला. किल्ल्या देता देता बाबांना म्हणाला, देखिए भाईसाहब, एक ही बात है, दीवार में कील नहीं ठोकना।
बाबा सवयीने हो म्हणाले.
आईला इतकं हसू आलं की थांबेना. पुडक्याला कागद गुंडाळता गुंडाळता दोनदा पदराने डोळे पुसले. हसूनच.